शिशाचे नऊ मणी

लगीनसराई पुन्हा सुरू झाली आहे. बेटेगावच्या अंगाला कुणाच्या तरी हळदीचा मांडव पडला असावा. दुपारी चारपासून बेंजो वाजतो आहे. वाजवणाऱ्याला लय आहे, सुराची पर्वा नाही. वरचा षड्ज प्रत्येक वेळी किंचित चढा लागतो आणि नेमक्या त्याच जागी भोंगाही फाटतो. पूर्वी अशा वेळी मी उठून खिडकी लावून घेत असे. आता लावत नाही. बसून ऐकतो आणि चिडतो. चिडणे हा माझा जुना स्वभाव आहे. ऐकणे मात्र दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका उन्हाळ्यात अंगवळणी पडले.

त्या उन्हाळ्यात मी गिटार शोधत होतो.

हे वाक्य मला शोभत नाही, याची जाणीव आहे. माझे वय तेव्हा एकाहत्तर होते आणि त्यापूर्वी मी एकही वाद्य हाती धरलेले नव्हते. इथल्या, बोईसरच्या, औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तेहतीस वर्षे मी बाहेरून आलेला माल तपासण्याचे काम केले. पेटी उघडायची, माप घ्यायचे, कागदाशी ताडून पाहायचे. जुळले नाही तर लाल चिठ्ठी लावून आल्या वाटेने परत पाठवायचे. चिठ्ठ्या लावताना मी कधी हात आखडला नाही. माल पोचवणारे मला पाठीमागे ‘लालचिठ्ठी’ म्हणत. मला ते ठाऊक होते आणि त्यात गैर काही वाटत नव्हते.

त्या वर्षी संक्रांत उलटल्यावर सुनंदाला, माझ्या पत्नीला, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. फाल्गुनापर्यंत पाय परतला. ती भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली. हात परतला नाही. खांद्यातून हले, कोपरातून वाके, पण बोटे अर्धवट मिटलेली राहत. खुर्चीत बसली की उजव्या हाताने ती डावा हात उचलून मांडीवर ठेवी, जसे दुसऱ्याचे मूल थोडा वेळ सांभाळायला घ्यावे.

आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपीच्या बाई येत. पालघरच्या होत्या, तरुण, कामाला चोख. त्यांनी एक पिवळा रबरी चेंडू दिला. दिवसातून दोनशे वेळा दाबायचा. सुनंदाने तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी उजव्या हाताने खिडकीतून बाहेर फेकला.

“मी काय लहान मूल आहे?” ती म्हणाली. “बोटांना काम द्यायचं तर खरं काम द्या.”

“खरं म्हणजे कसलं, काकू?” बाईंनी विचारले.

“गिटार.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

इथे मागचे थोडे सांगणे भाग आहे. सुनंदा मूळची पालघरची. लग्नापूर्वी ती तिथल्या एका शिकवणीत हवाईयन गिटार शिकली होती. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत ते वाद्य बऱ्यापैकी चाले. ते नेहमीच्या गिटारसारखे छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवे ठेवतात. तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून त्या छेडायच्या आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत दांडी धरून ती तारांवरून सरकवायची. बोटांनी तार दाबायची नसते. दांडी धरायची, सरकवायची आणि जिथे सूर आहे तिथे थांबवायची. सगळी विद्या त्या थांबण्यात असते, असे ती म्हणे.

लग्नानंतर ती गिटार आमच्या वसाहतीतल्या खोलीत आली. तीन पावसाळ्यांत तिचे सांधे सुटले, पाठ फुगली. मी ती तपासली. दुरुस्तीयोग्य नाही असा निर्णय दिला आणि भंगारवाल्याला देऊन टाकली. निर्णय देण्यापूर्वी मी कुणाला विचारले नाही. सुनंदाही काही बोलली नाही. चाळीस वर्षे बोलली नाही.

बाई म्हणाल्या, “कल्पना चांगली आहे. पण करायचं तर लवकर करा, काका. हात जितका रिकामा राहील तितका तो काम विसरेल. पावसाळ्यानंतर बघू, असं करू नका.”

म्हणजे मला चैत्र आणि वैशाख मिळाले. एक गिटार आणि एक दांडी. तेहतीस वर्षांत मी याहून अवघड खरेद्या वेळेत तडीस नेल्या होत्या.

बोईसरला स्टेशनच्या पूर्वेला एक दुकान आहे. पाटीवर क्रीडासाहित्य, सन्मानचिन्हे, शाल-श्रीफळ आणि अगदी शेवटी, रंग उडालेल्या अक्षरांत, संगीतसाहित्य. आत सहा गिटारी बॅडमिंटनच्या रॅकेटींशेजारी एकाच दांडीला टांगलेल्या होत्या. वर तापलेला पत्रा. त्या पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नव्हता, लाकूड काय राहणार? तारांना हात लावला तर बोटांना तांबूस पूड लागली. आमच्याकडे समुद्राची हवा लोखंडाला वर्षभरही टिकू देत नाही. हे या व्यापाऱ्याला ठाऊक नसेल असे नाही.

“अंकल, बेस्ट पीस है,” मालक म्हणाला. “कलर देखो, एकदम समंदर.”

“मला हवाईयन गिटार हवी आहे.”

“हवाईयन? वो कंपनी बंद हो गयी, अंकल. ये ले जाओ, इसका कोई कंप्लेंट नहीं आता.”

मी खिशातून पोलादी पट्टी काढली आणि गिटारच्या मानेवर उभी धरली. मधोमध फट. दुसरी पाहिली, तिला तर बाक होता. तिसरीची एक खुंटी फिरवताच गोल गोल फिरत राहिली. चौथीला मी हात घालत होतो तेव्हा मालकाने पंखा बंद केला.

“अंकल,” तो शांतपणे म्हणाला, “गिटार लेना है, या गिटार का पंचनामा करना है?”

मी पंचनामा अर्धवट टाकून बाहेर पडलो. समोर एक म्हातारी ताडगोळे सोलत बसली होती. डझनभर घेतले. सुनंदाला ते आवडतात. इथला उन्हाळा मला सोसत नाही. मी घाटावरचा, आमचे ऊन कोरडे आणि सरळ असते. इथे सदरा अंगाला चिकटतो आणि रस्त्यावर रसायनाचा, सुकटीचा, कधी अचानक मोगऱ्याचा वास येतो, सगळे एकाच श्वासात. ताडगोळे तेवढे मला मान्य आहेत. त्या संध्याकाळी सुनंदाने उजव्या हाताने ते खाल्ले. पाणी डाव्या तळहातावर सांडले, तेव्हा तिला ते गार लागल्याचे कळले नाही.

पालघर जिल्ह्याचे ठिकाण झाल्यापासून तिथे काचेच्या दुकानांना तोटा नाही. त्यातल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर गिटारचे स्वतंत्र दुकान होते. वातानुकूलित. भिंतीवर ओळीने वाद्ये, प्रत्येकाला वेगळी खुंटी, तारा स्वच्छ. मला क्षणभर आशा वाटली. गळ्यात हेडफोन अडकवलेल्या तरुणाने विचारले, “बोला काका, बजेट काय? नातवासाठी ना?”

“पत्नीसाठी.”

“ओह! किती क्यूट!”

त्यात क्यूट काही नव्हते. मी त्याला वाद्य समजावून सांगितले: मांडीवर आडवे, उंच तारा, पोलादी दांडी. त्याने मान डोलावली.

“लॅप स्टील. कळलं. ती इकडे कोणी ठेवत नाही, काका. ऑनलाइन बघा.”

“दांडी तरी?”

“तीही ऑनलाइन.”

“मग दुकान कशासाठी उघडलंय?”

तो हसला. “खरं सांगू? लोक इथे येऊन हात लावून बघतात आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. तुम्ही निदान आधी विचारलंत.”

त्याच्या प्रामाणिकपणाला मी पूर्ण गुण दिले. दुकानाला दिले नाहीत.

मग पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने ऑनलाइन मागवली. खोक्यावर नाजूक वस्तूचे चिन्ह होते आणि त्या चिन्हावरच बुटाचा ठसा. मान आणि पेटी यांचा सांधा एका अंगाला उघडा. परत पाठवली. दुसरी आली, तारांची घोडी, म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, मध्यरेषेपासून दोन मिलिमीटर सरकलेली. परत पाठवली. ती नेणाऱ्या माणसाने दारात विचारले, “आजोबा, हिला काय झालं? दिसायला तर चांगली आहे.” मी त्याला पट्टी लावून दाखवले. त्याने ते दोन मिलिमीटर बराच वेळ पाहिले आणि निमूटपणे खोके उचलले.

चैत्र असा गेला. माझ्या जुन्या हिशेबाने मी एकही चूक केली नव्हती. दुकानातली तीन आणि खोक्यांतली दोन, अशी पाच वाद्ये तपासली आणि पाचही नापास केली. सुनंदा हे सगळे खुर्चीतून पाहत होती. डावा हात मांडीवर.

“अहो,” दुसरे खोके गेल्यावर ती म्हणाली, “तुम्ही गिटार घेताय की नापास करताय?”

“सदोष वस्तू घ्यायची का?”

“मीही सदोषच आहे सध्या.”

मी उठलो. चप्पल घालून बाहेर गेलो आणि वसाहतीला एक फेरी मारून परत आलो.

गिटार मिळत नाही तोवर निदान दांडी तरी तयार करावी, असे मी ठरवले. कारखान्यात माझ्या हाताखाली रामसेवक नावाचा लेथवाला होता. आता त्याचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे. त्याला मी मापे लिहून दिली. लांबी, जाडी, टोकांची गोलाई, आरशासारखी झिलई. मापे मी चांगल्या दांड्यांची म्हणून जी सांगितली जातात तीच घेतली होती. रामसेवकाने भरीव स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावला आणि तासाभरात अशी वस्तू हातात ठेवली की मला नाव ठेवायला जागा सापडेना.

“साहब,” तो म्हणाला, “पहली बार आपने मेरा माल एक झटके में पास किया.”

घरी आणून ती मी सुनंदाच्या डाव्या हातात दिली. बोटे तिच्याभोवती हळूहळू मिटली. मग कपाळावर आठ्या आल्या. मग बोटे उघडली आणि दांडी अंथरुणावर घरंगळली. पुन्हा दिली. पुन्हा घरंगळली. तिसऱ्यांदा तिने हात मागे घेतला.

मापात चूक नव्हती. जगातल्या कुठल्याही निरोगी वादकाला ती दांडी चालली असती.

त्याच संध्याकाळी शेजारच्या इमारतीत हळद होती. बेंजोचे पथक आले. या भागात लग्न म्हटले की बेंजो आलाच; टाइपरायटरसारखी बटणे असलेले ते तारांचे पेटीवाद्य, त्याला जोडलेला भोंगा, मागे ढोल. खिडकीच्या तावदानाला कंप सुटला. मी ती लावायला उठलो.

“लावू नका,” सुनंदा म्हणाली. “त्याला विचारून या.”

“काय विचारायचं? कधी थांबणार?”

“बेंजो बिघडला की दुरुस्त कुठे करतो, ते.”

मी तिच्याकडे पाहिले. एवढा साधा प्रश्न मला महिनाभर सुचला नव्हता. या जिल्ह्यात शेकडो वाद्ये दर उन्हाळ्यात मार खातात, पडतात, भिजतात, गंजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजतात. ती कुणीतरी उभी करत असणारच. मी काचेच्या दुकानांत फिरत होतो.

बेंजोवाल्याने एक बटण दाबलेलेच ठेवून उत्तर दिले. “चिंचणीला काशिनाथ मेस्त्री. बंदराच्या वाटेवर कोनाला पन विचारा. पन आता लगीनसराय हाय, शिव्या देल.”

सुनंदाला घेऊन चिंचणीला गेलो. शिव्या काशिनाथने दिल्या नाहीत, पण पहिली दहा मिनिटे आमच्याकडे पाहिलेही नाही. घराच्या पडवीत त्याचे दुकान. पाटी नव्हती. तीन बेंजो पोट उघडून पडलेले, एका बाजूला फाटके जाळे, बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. काशिनाथ साठीचा, उघडा, कमरेला पंचा, कानावर पेन्सिल. मासेमारी मुलांकडे सोपवून तो आता पूर्णवेळ हेच करतो, असे त्याच्या बायकोने सुनंदाला खुर्ची देताना सांगितले.

“काय हवा?” त्याने शेवटी विचारले.

मी सविस्तर सांगू लागलो. लांबी, उंची, तारांमधले अंतर. त्याने हात वर करून मला थांबवले आणि सुनंदाकडे वळला.

“ताय, तुमी वाजवनार? हात दावा.”

सुनंदाने उजव्या हाताने डावा उचलून पुढे केला. त्याने तो आपल्या तळव्यावर घेतला. प्रत्येक बोट वेगळे वाकवून पाहिले, अंगठा किती येतो ते पाहिले. मला एकदम कळले की आजवर एकाही दुकानात हे घडले नव्हते. रंग दाखवले गेले, बजेट विचारले गेले. आणि हात? तो मीही मापला नव्हता. ज्याने तेहतीस वर्षे मापे घेतली, त्याने या व्यवहारातले एकच खरे माप घ्यायचे सोडले होते.

मी खिशातली दांडी काढून दिली. काशिनाथने ती तोलली, उजेडात फिरवली.

“काम बेस हाय. कोनी केला?”

“माझ्या देखरेखीखाली केलेलं आहे.”

“मंग बराबर,” तो म्हणाला. “ही तायची नाय. ही पैलवानाची हाय.”

सुनंदा हसली. झटक्यानंतर तिचे हसू एका बाजूलाच उमटे. त्या दिवशी ते थोडे पलीकडे गेले.

काशिनाथने जाळ्याजवळचा डबा ओढला. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी लावतात, जाळे पाण्यात बुडावे म्हणून. बोराएवढे, राखी रंगाचे. त्याने सुनंदाची मूठ उघडून एक मणी ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक वेळी मूठ मिटून हात अधांतरी धरायला लावी. चौथ्या मण्याला मनगट खाली गेले.

“तीन,” तो म्हणाला. “आज तीन. सायेब, ही दांडी पोकल करून आना. एका टोकाला झाकन करा, आट्यांचा. मनी आत टाकू. हात उठला का एक वाढवू.”

“किती मावतील?”

त्याने दांडी डोळ्यांशी धरली. “नव.”

मग त्याने आतून एक गिटार काढली. कुठल्याशा बँडवाल्याने टाकून दिलेली. मानेला जुनी भेग, सरस भरून बसवलेली; पाठीवर दुसऱ्या लाकडाचे ठिगळ. तारा उचलण्यासाठी त्याने वरच्या टोकाला पितळेची पट्टी घासून बसवायचे ठरवले. मी ती भेग पाहत होतो. माझा हात पट्टीसाठी खिशाकडे गेला असावा.

“सायेब, तुमी डोल्यांनी बगता,” काशिनाथ म्हणाला. “जरा कानांनी बगा.”

त्याने एक तार छेडली. आवाज पडवीभर फिरला आणि जाळ्यापर्यंत गेला. सुनंदाने डोळे मिटले. मी खिशातून हात बाहेर काढला.

मला विचाराल तर चांगल्या दुकानाची व्याख्या एवढीच आहे: जिथे वस्तूच्या आधी गिऱ्हाइकाचा हात पाहतात. त्याला पाटी नसली तरी चालते, बोंबलांचा वास असला तरी चालतो. त्या पडवीत अर्धा दिवस ताटकळताना मात्र मी हे इतक्या शांतपणे म्हटले नव्हते. तीनदा कुणी ना कुणी बेंजो घेऊन आले आणि तिन्ही वेळा काशिनाथने आमचे काम बाजूला ठेवले. “त्यांची हलद आज हाय,” तो म्हणे, “तायचा हात उद्या पन हाय.” पितळी पट्टी बसायला वैशाखाचा पंधरवडा गेला. चार खेपा. चारही वेळा भर उन्हात.

दांडी मी रामसेवकाकडून पोकळ करून आणली. निघताना काशिनाथने सहा मणी वेगळ्या पुडीत बांधून दिले आणि बोट उगारले. “मनी तायनं मांगला तरच टाकायचा. तुमी आपल्या मनानं टाकायचा नाय.”

गिटार घरी आली तेव्हा मृगाला आठवडा उरला होता. तीन मण्यांची दांडी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजे. तारेवरून सरकवताना तर तो आवाज सुराहून मोठा. मी कापूस भरू का, असे विचारले. सुनंदा नको म्हणाली. हात थरथरला की मणी वाजतात, त्यावरून तिला हाताचे कळे. पहिले पाच-सहा दिवस घरात फक्त तो खुळखुळाट होता. मध्येच एखादा स्वर, वाट चुकल्यासारखा. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसे. एकही ओळ वाचत नसे.

आता माझी चूक.

दहाव्या दिवशी मला वाटले, प्रगती ठीक आहे. खुळखुळाट कमी झाला होता. कारखान्यात भार वाढवायचे वेळापत्रक असते. टप्पा आला की भार वाढतो, यंत्राला विचारत नाहीत. ती अंघोळीला गेली असताना मी झाकण उघडले, पुडीतला एक मणी आत टाकला आणि झाकण घट्ट लावले. कुणाला न सांगता. तिला कळणारही नाही आणि हात आपोआप तयार होईल, असा माझा हिशेब.

तिला पहिल्या क्षणी कळले. दांडी उचलतानाच ती थांबली, माझ्याकडे पाहिले. मग ती तारांवर लावली. दुसऱ्या स्वराला हात सुटला. दांडी तारांवर आदळली, वरची तार तुटून तिच्या मनगटावर सापासारखी उसळली. बारीक लाल रेघ उठली. डाव्या हाताला जाणीव अजून अर्धीच होती. तिने ती रेघ नुसती पाहिली.

“एक जास्त आहे,” ती म्हणाली.

“मी टाकला.”

“अहो, हात माझा आहे.”

एवढेच. चाळीस वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या गाडीकडे पाहतानाही बहुधा तिच्या मनात असेच एक वाक्य असावे. तेव्हा ते बाहेर आले नाही. या वेळी आले, आणि मला ते बरे वाटले, हे मी आज लिहू शकतो. त्या दिवशी बरे वगैरे काही वाटले नव्हते. नऊ दिवस तिने गिटारला हात लावला नाही. डावा हात पुन्हा मांडीवर. फिजिओथेरपीच्या बाईंनी कारण विचारले; दोघांनीही सांगितले नाही. मी चिंचणीला जाऊन नवी तार आणली. काशिनाथला खोटे सांगणार होतो. त्याने तुटलेले टोक पाहिले, माझे तोंड पाहिले.

“टाकला ना मनी?”

“हो.”

“आमच्या बापाशी पन आमी असाच केला होता,” तो तारेचे वेटोळे करत म्हणाला. “दुखन्यातनं उठलेला, ताकद नसता त्याला नावेवर चढवला. चांगल्यासाठीच. मंग तो नावेजवल गेलाच नाय.” तार माझ्या हातात देत त्याने पुढे जोडले, “ताय जाल गिटारजवल. बाया जातात. तुमी फक्त गप बसा.”

गप बसणे मला जमते, असा माझा समज होता. तो उन्हाळा मला शिकवून गेला की मी आयुष्यभर बोलत नव्हतो, पण गप कधीच बसलो नव्हतो. चिठ्ठ्या लावत होतो.

मी चौथा मणी काढून घेतला, तार बसवली, दांडी गिटारवर ठेवली आणि पुडीतले सहाही मणी तिच्या उशाशी वाटीत ओतले. झाकण कसे फिरते ते दाखवले. दहाव्या दिवशी दुपारी मी खोलीत पेंगत असताना खुळखुळ ऐकू आली.

तो पावसाळा, त्यानंतरचा हिवाळा, मग मागचा उन्हाळा. मणी तिने स्वतः मागितले, कधी चार महिन्यांनी, कधी सहा. वाटीतले उचलून ती माझ्यासमोर धरी, कारण झाकण अजून तिला एका हाताने उघडत नसे. तेवढे काम माझे. चौथा आश्विनात गेला. पाचवा मागच्या वर्षीच्या होळीला. सहावा जाऊन पुन्हा बाहेर आला आणि मग दिवाळीत गेला. मी काही म्हणालो नाही. ती आता चहाचा कप डाव्या हाताने धरते. भरलेला नाही, अर्धा. साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी घालते. बोटे पूर्वीसारखी झालेली नाहीत आणि होतील असे कुणी सांगितलेले नाही. बाई आता येत नाहीत. दांडी रोज संध्याकाळी तारांवर असते.

काशिनाथकडे वर्षातून दोनदा जातो, तारा बदलायला. समुद्राच्या हवेत त्या टिकत नाहीत. दर वेळी तो ताटकळत ठेवतो. दर वेळी मी चिडतो. त्याने अजून पाटी लावलेली नाही.

आज मांडवातला बेंजो चढ्या षड्जावर जाऊन फाटतो आहे. आत सुनंदा त्याच्यासोबत वाजवायचा प्रयत्न करते आहे. तिचा षड्ज किंचित उतरा लागतो. एक वर, एक खाली, आणि मधली जागा दोघांनाही सापडत नाही. पूर्वीचा मी असतो तर दोघांनाही चिठ्ठी लावली असती.

सातवा मणी तिने या महिन्याच्या सुरुवातीला मागितला. काल दुपारी वाटी घेऊन ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली. डाव्या तळहातावर आठवा.

“हा टाका.”

“इतक्या लवकर?” हे माझ्या तोंडून निघून गेले.

तिने नुसते पाहिले. मी झाकण उघडले, मणी आत सोडला, झाकण लावले. आता दांडी फारशी खुळखुळत नाही. एका मण्याची जागा तेवढी उरली आहे आणि त्या जागेत आठ मणी जेमतेम सरकतात.

नववा मणी वाटीत एकटा घरंगळत होता. हरवेल म्हणून मी तो खिडकीच्या खालच्या खाचेत ठेवला आहे. त्यामुळे सरकते तावदान पूर्ण लागत नाही, बोटभर फट राहते, आणि बेंजो सगळा आत येतो. ती मणी मागेल तोवर तसेच राहू द्यायचे आहे.